एकचाकीची बाजू

एखाद्या कामासाठी निधी जमवायला एकचाकी सायकलवरून हजारो किलोमीटर जाणाऱ्यांवर एक आक्षेप ठरलेला असतो. ही सर्कस झाली, यात समाजकार्य कसलं? हौस स्वतःची आणि नाव गरीब मुलांचं. प्रवासाचा खर्चच थेट त्या कामाला दिला असता तर? असं म्हणणाऱ्यांनी सेवेच्या नावावर मिरवणारे लोक पाहिलेले असतात, त्यामुळे त्यांचा संशय मला समजतो. आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही.

आधी सर्कशीचं बघू. सर्कशीतला खेळ काही मिनिटांचा आणि सपाट रिंगणातला. लांब पल्ल्याच्या एकचाकीचं चाक बहुधा 36 इंची असतं आणि पेडल सहसा थेट त्याच्या आसालाच जोडलेलं. साखळी नाही, फ्रीव्हील नाही. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, जेमतेम 2.87 मीटर. दिवसाला 60 किलोमीटर जायचं तर पाय सुमारे 21 हजार वेळा फिरवावे लागतात. उतारावर आपण सायकलचं पेडल मारणं थांबवतो आणि वारा खात खाली येतो. इथे उतारावरही पाय फिरतेच राहतात, शिवाय पेडल मागे रेटून वेग आवरावा लागतो. समोर भार टाकायला सायकलसारखं हँडल नाही, म्हणून बहुतेक वजन सीटवर येतं आणि मांड्या सोलवटतात.

इंग्लंडच्या सॉमरसेटमधला एड प्रॅट मार्च 2015 मध्ये अशा एकचाकीवर निघाला तेव्हा 19 वर्षांचा होता. युरोप, मध्य आशिया, चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका करत सुमारे 33 हजार किलोमीटर कापून तो जुलै 2018 मध्ये घरी परतला. सामान एकचाकीलाच बांधलेलं, मागे मदतीची गाडी नाही. गरजू मुलांना शालेय साहित्याने भरलेली दप्तरं देणाऱ्या ‘स्कूल इन अ बॅग’ या संस्थेसाठी तीन लाखांहून अधिक पौंड उभे राहिले. ‘थेट पैसे द्यायचे होते’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, 19 वर्षांच्या पोराने तीन लाख पौंड आणायचे कुठून? त्याच्याकडे पाय होते आणि वेळ होता. त्याने तेच दिले.

मग दोन चाकांवरून का नाही गेला? दुचाकी सायकलवाला गावातून जातो, तेव्हा कोणी मान वर करून बघेलच असं नाही. एकचाकीवाला दिसला की पोरं मागे धावतात, मोठी माणसं थांबवून विचारतात, ‘कुठून आलास? कशासाठी?’ त्या ‘कशासाठी’चं उत्तर देणं हेच तर त्याचं काम. बाबा आमट्यांनी 1985-86 मध्ये तरुणांना सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेलं, तेही रेल्वे उपलब्ध असताना. वाटेतली गावं लागावीत, माणसं भेटावीत, यासाठीच ती यात्रा होती. 2014 मध्ये जोसेफ बूटिलिए हवामानबदलाच्या प्रश्नासाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाहून ऑटावापर्यंत एकचाकीवर गेला. ‘त्याने धोरण बदललं का?’ असं विचारणाऱ्यांनी हाच निकष प्रत्येक मोर्चाला लावून बघावा.

राहिली हौस. ती असतेच आणि असायलाच हवी. अन्नछत्रात राबणाऱ्या बाईला स्वयंपाकाची आवड आहे म्हणून तिची सेवा कमी ठरत नाही. हौस नसलेला माणूस चौथ्या दिवशी घरी परतेल आणि दप्तरंही तिथेच अडतील.

आक्षेपातला एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो. देणगीतून स्वतःचं तिकीट काढणाऱ्याची, जेवणखाण भागवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. प्रवासाचा खर्च वेगळा, निधी वेगळा, आणि निधी शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जमा व्हायला हवा. देणाऱ्याने हा हिशेब मागावा, मोकळेपणाने मागावा, आणि तो चोख असेल तर चाकं किती हे न मोजता पैसे द्यावेत.