खेळाडूचा करार आणि कारीगराची उचल

संध्याकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर मोहल्ल्यातील पोरे जमतात आणि फुटबॉलच्या गप्पा रंगतात. अमक्या क्लबाने तमक्याला इतक्या कोटींना "विकत घेतले", हेच शब्द कानावर पडतात. तागे आणि गाठी विकण्यात आमची हयात गेली. माणूस विकत घेतला, हे ऐकून आम्हाला पूर्वी हसू यायचे. लसाना दियारा याचे प्रकरण वाचल्यापासून मात्र हसू येत नाही.

दियारा हा फ्रान्सचा नामवंत खेळाडू. चेल्सी, आर्सेनल, रेआल माद्रिद असे क्लब त्याने पाहिले. २०१३ साली तो मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबात चार वर्षांच्या करारावर गेला. वर्षभरात तंटा झाला. याने करार मोडला, असे म्हणून क्लबाने ऑगस्ट २०१४ मध्ये त्याला काढून टाकले. जागतिक फुटबॉलची संस्था फिफा हिने उलट दियारानेच क्लबाला १ कोटी ५ लाख युरो नुकसानी द्यावी, असा हुकूम केला. पुढची गोष्ट याहून वाईट. बेल्जियमचा शार्लरॉ क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण तेव्हा नियम असा होता की जो नवा क्लब घेईल तोही त्या नुकसानीला बांधील. शिवाय फूस लावून आणले, असे गृहीत धरून त्याच्यावर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी येऊ शकत असे. शार्लरॉने लेखी हमी मागितली. ती मिळाली नाही आणि नोकरी गेली.

वाचक बंधूंनो, हे वाचताना आम्हाला आमचीच एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. भिवंडीत आम्ही काही वर्षे कापडाच्या व्यापाराबरोबर सोळा लूमही चालविले. एका चांगल्या कारीगराला आम्ही बहिणीच्या लग्नासाठी उचल दिली होती. सहा महिन्यांनी तो शेजारच्या गाळ्यात कामाला जाऊ लागला. आम्ही त्या मालकाला निरोप धाडला, "आमची उचल फिटल्याशिवाय याला ठेवाल तर आपले संबंध राहणार नाहीत." मालकाने त्याला दुसऱ्याच दिवशी बंद केले. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "शेठ, उचल फेडीन, ना नाही. पण हिशोब दाखवा, माझ्याकडे निघते किती?" आम्ही वही उघडली. कोरे सांगायचे तर हिशोब धड नव्हता. हप्ते कापले होते, पण सगळे मांडले नव्हते. आमच्या डोक्यात जो आकडा होता त्याच्या निम्मेही त्याच्याकडे निघत नव्हते.

युरोपच्या न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दियाराच्या प्रकरणात थोडेफार हेच विचारले आहे. नुकसानी ठरविण्याचे फिफाचे काही निकष मोघम, काहींचा त्या नोकरीशी संबंधच नाही, काही प्रमाणाबाहेर. आणि नव्या मालकाला आधीच गुन्हेगार धरणे हे कामगाराच्या फिरण्याच्या हक्काला आणि बाजारातील खुल्या स्पर्धेला बाधक आहे, असे न्यायालय म्हणते. करार मोडला तर भरपाई नको, असे ते म्हणत नाही. हिशोब दाखवा, एवढेच म्हणते.

हा झगडा नवा नाही. इंग्लंडात १९६१ पर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांच्या वर पगारच देता येत नसे, आणि करार संपला तरी क्लब त्याला अडवून धरू शके. जॉर्ज ईस्टहॅम १९६० साली न्यूकॅसल क्लबाशी बिनसल्यावर काही महिने बुचाच्या धंद्यात विक्रीचे काम करीत होता! देशातला उत्तम खेळाडू, आणि बुचे विकतो. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडवणूक धंद्याच्या स्वातंत्र्याला गैरवाजवी बंधन ठरविली. नंतर बेल्जियमचा बॉसमन. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा क्लबाने महिना सुमारे १,२०,००० फ्रँकवरून ३०,००० वर नवा करार पुढे केला. त्याने नाकारला, तरी दुसरीकडे जाता येईना. १५ डिसेंबर १९९५ च्या निकालाने मुदत संपलेला खेळाडू युरोपात मोकळा झाला. मुदतीच्या आत काय, हा प्रश्न तेव्हा राहून गेला होता. तो दियाराने उकरला.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ हेच सांगते. कोणाला आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्द. श्रीरामपूरच्या झहीर खानवर त्याच्या व्यवस्थापन कंपनीने करार संपल्यानंतरही पहिला हक्क सांगितला, तेव्हा २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. तो जाहिरातींचा करार होता, खेळण्याचा नव्हे, पण तत्त्व तेच.

आता मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. आम्ही मालकच आहोत. काही मित्र म्हणतात, फुटबॉलचा करार सरसकट साध्या नोकरीसारखा करा, महिन्याची नोटीस द्या आणि मोकळे व्हा. हे आम्हाला पटत नाही. नोटीस दोन्हीकडून चालते. गुडघा मोडलेल्या खेळाडूला क्लब महिन्यात घरी बसवील. मुदतीचा करार आहे म्हणूनच त्याचा पगार चालू राहतो. लहान क्लबाचेही ऐका. बारा वर्षांच्या पोराला त्याने बूट दिले, शिकविले, आणि मोठ्या क्लबाने हंगामाच्या मध्येच उचलून नेले, तर लहानाने काय करावे? यासाठी फिफाच्या नियमांत शिक्षणाची भरपाई वेगळी आहे, आणि मुदतीत बदली झाली तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा पोराला घडविणाऱ्या जुन्या क्लबांना जातो. हे आम्हाला रास्त वाटते. शिकविल्याचे पैसे नव्या मालकाकडून घ्यावेत. शिकलेल्या माणसाला डांबून ठेवू नये.

म्हणून आमचे म्हणणे असे. मुदत दोघांना सारखी बांधील असावी. मध्येच सोडणाऱ्याने, मग तो खेळाडू असो की क्लब, खरे आणि दाखविता येईल तेवढे नुकसान भरावे. तंटा चालू असताना मात्र माणसाचे काम थांबता कामा नये. खेळाडूची कमाईची वर्षे दहा-बारा. आमच्यासारखा पन्नाशी उलटल्यावरही गल्ल्यावर बसणारा तो धंदा नव्हे. जानेवारी २०२५ पासून फिफाने हंगामी नियम लागू केले, त्यांत फूस लावल्याचे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर टाकला आहे. आम्हाला ही दिशा ठीक वाटते.

त्या कारीगराचे राहिले. हिशोब झाला तेव्हा शेजारच्या मालकाला आम्ही दुसरा निरोप धाडला. त्याने त्याला पुन्हा लूमवर घेतले आणि बाकी रक्कम चार हप्त्यांत आमच्याकडे आली. मधले अकरा दिवस त्याच्या घरी चूल कशी पेटली, ते आम्ही तेव्हा विचारले नाही.