तबकड्यांतील स्वरधन

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येणाऱ्या जुन्या सामानात कधी कधी काळ्या, जड तबकड्यांचा एखादा गठ्ठा निघतो. चावीचा ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेलेला असतो, सुया मिळत नाहीत आणि त्या तबकड्या हौसेने जमविणारे आजोबाही हयात नसतात. मग तो गठ्ठा भंगारवाल्याकडे जातो. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. परंतु त्यातील एखादी तबकडी जगातील शेवटची प्रत असू शकते, ही जाणीवही कोणाला नसते.

भारतीय गायन तबकडीवर उमटले ते १९०२ साली, कोलकात्यात. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कामगारांना ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारत असे. पुढे १९०८ साली कोलकात्यातच कारखाना निघाला. तबकडीतील महत्त्वाचे द्रव्य म्हणजे लाख. पळस, कुसुम अशा वृक्षांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख भारतातूनच परदेशी जात होती. कंठ आपला, कच्चा माल आपला. यंत्र आणि नफा मात्र परक्यांचा, असा हा व्यवहार होता.

या तबकड्यांचे मोल महाराष्ट्राने तरी विसरू नये. ज्यांच्या आवाजाने एका पिढीला वेड लावले, ते भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. ध्वनिमुद्रण अवघ्या एका वर्षाने उशिरा आले आणि तो आवाज आपल्याला कायमचा पारखा झाला. उलट अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचे गाणे आज ऐकता येते, ते एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजणाऱ्या याच तबकड्यांमुळे. विष्णुपंत पागनीस आणि मास्तर कृष्णराव यांनी गायिलेले ‘वंदे मातरम्’ही तबकडीवरूनच आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

मुंबईतील नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची कथा तर विचार करायला लावणारी आहे. १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या नावाने या स्वदेशी कंपनीने तबकड्या काढल्या आणि अनेक नवोदितांना संधी दिली. कंपनी बंद पडली. तिच्या उरल्यासुरल्या तबकड्यांचे संगणकीय जतन झाले ते मुंबईच्या संग्राहकांच्या चिकाटीने आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून. त्या ग्रंथालयाचे आभार मानावेत. मात्र हे काम आपल्या एखाद्या विद्यापीठाला का सुचू नये, हा प्रश्न उरतोच.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशित ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी लागते. ध्वनिमुद्रिकांना हा नियम लागू झाला नाही. परिणामी हा ठेवा टिकला तो प्रामुख्याने चोर बाजार, जुना बाजार धुंडाळणाऱ्या वेड्या संग्राहकांमुळे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने त्यांना एकत्र आणले, सूची व नियतकालिक प्रसिद्ध केले. परंतु व्यक्तीचा संग्रह तिच्यामागे विखुरतो. त्यासाठी संस्थाच हव्यात. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे बहुतेक जुन्या तबकड्यांबाबत तीही अडचण उरलेली नाही. राज्य शासनाने एका सार्वजनिक ध्वनिसंग्रहालयाची जबाबदारी घ्यावी आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांनी सूचीचे काम हाती घ्यावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

शासन जागे होईल तेव्हा होवो. घरातील तबकड्यांची काळजी आपल्या हातात आहे. त्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात. स्पिरिटने कदापि पुसू नयेत, कारण त्यात लाख विरघळते. वरील कागदी चिठ्ठीवरचे नाव व क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत आणि घरात कोणाला रस नसेल, तर एखाद्या जाणत्या संग्राहकाकडे वा संस्थेकडे त्या सोपवाव्यात. पूर्वजांचे स्वर भंगाराच्या भावाने विकण्याइतका आपला समाज दरिद्री खचितच नाही.