आजारी कामगाराचा राजीनामा

माझा धाकटा भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसमशीनवर होता. चौथं वर्ष पुरं होतंय तोच मणक्याचा क्षय निघाला. पाळीभर उभं राहणं अशक्य झालं. ऑफिसात बोलावून साहेबांनी कोरा कागद पुढे केला आणि मजकूर सांगितला : ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.’ कळा सोसत त्याने तो लिहिला, सही केली.

या एका ओळीने काय काय धोक्यात येतं, हे कामगाराला कुणी सांगत नाही, याचा मला संताप येतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. पण आजाराने वा अपघाताने माणूस आपलं काम करायला असमर्थ झाला आणि त्यामुळे नोकरी सुटली, तर ती अट लागत नाही. १९७२च्या कायद्यापासून ही सवलत आहे. पेन्शनचंही तेच. ईपीएस-९५ मध्ये एरवी दहा वर्षांची सेवा हवी. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर एका महिन्याची वर्गणीही पुरते. आता ‘वैयक्तिक कारण’ लिहून दिलेल्या माणसाने आजार सिद्ध करायचा कसा?

आणि ईएसआय. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून त्यासाठी दरमहा पाऊण टक्का कापला जातो. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षं नोकरी झालेली असेल आणि वर्गणीची अट पुरी होत असेल, तर ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. हा लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकायला १९४८च्या कायद्यातच मनाई केली होती. दवाखान्याचा दाखला हातात पडण्याआधी राजीनाम्याची घाई का होते, ते इथे कळतं. स्वतःहून गेलेल्या माणसाला काढलं, असं कोण म्हणणार?

ईएसआयच्या खिडकीवरच्या बाईंनी मात्र आम्हाला बसवून समजावलं. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनच्या आजारपणाला चालते. नोकरी गेली म्हणून विमा त्याच दिवशी संपत नाही. हे ऐकेपर्यंत भाऊ सगळं बुडालं असंच धरून चालला होता. त्याचा दावा आम्ही दाखल केला आहे.

कामगार खात्याने एक नियम करावा : आजारी कामगाराचा राजीनामा डॉक्टरांचा दाखला जोडल्याशिवाय आणि त्याचे हक्क त्याला मराठीत लेखी दिल्याशिवाय मंजूर होऊ नये. तो होईपर्यंत, घरात कुणी आजारी कामगार असेल तर त्याला सांगा : आधी ईएसआयच्या दवाखान्यात जा, दाखला घे. राजीनामा द्यावाच लागला, तर त्यात आजाराचं नाव लिही आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेव.