पितळेचा भाव आणि सुराचा भाव

आषाढ लागला की लग्नाचे मुहूर्त संपतात आणि बँडपथकांची वाद्ये खुंटीला लागतात. गणेशोत्सवापर्यंतचे दिवस ओढगस्तीचे असतात, आणि जुने वाद्य विकण्याचा विचारही याच दिवसांत मनात येतो. क्लॅरिओनेट किंवा ट्रम्पेट असेल तर त्याला ओळखीत कोणीतरी घेणारा भेटतो. बासाच्या वाद्याचे, म्हणजे ट्यूबाचे किंवा त्याच्या धाकट्या ई फ्लॅट भावंडाचे, तसे नाही. त्याला गिऱ्हाईक थोडे, जागा मोठी आणि अंगावर पितळ भरपूर. शोधूनही घेणारा मिळाला नाही तर मोडवाल्याचा तराजू तयारच असतो. पाच-सहा किलो पितळ, त्या दिवसाचा मोडीचा भाव, आणि एका माणसाचे पोटापाण्याचे हत्यार संपले!

हे वाद्य मूळचे बर्लिनचे. व्हिलहेल्म व्हिप्रेख्ट आणि योहान मोरित्झ या दोघांनी 1835 मध्ये त्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडबरोबर ही पितळी वाद्ये हिंदुस्थानात आली, संस्थानिकांच्या दरबारांत शिरली आणि तेथून लग्नाच्या वरातीत उतरली. मोठ्या बी फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर सुमारे 18 फूट भरते, धाकट्याची 13 फूट. चालत्या मिरवणुकीत खांद्याला आणि छातीला झेपणारे म्हणून धाकटेच सोयीचे. वरातीतल्या कोणाचेही त्याच्याकडे लक्ष नसते. मात्र तो वाजवणारा घोटभर पाण्यासाठी थांबला की सारे गाणे पोकळ वाटू लागते. नव्या वाद्यांसाठी देशभरातील पथके मेरठच्या जली कोठी भागाकडे पाहतात. परंतु नवे वाद्य घेण्याची ऐपत नसलेल्याचा सारा भरवसा जुन्या बाजारावर असतो, आणि तो बाजार आंधळा आहे. विकणाऱ्याला आपल्या वस्तूची किंमत ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला तिचे दोष.

वास्तविक हे दोष ओळखणे फारसे अवघड नाही. बाहेरचे पोचे दिसायला वाईट, पण कुशल कारागीर ते काढतो. एखाद्या सांध्याचा डाक सुटला असेल तर तोही पुन्हा देता येतो. खरे दुखणे पिस्टनमध्ये असते. पिस्टन न दाबता त्याची सरकनळी ओढून काढावी आणि मग पिस्टन दाबावा. ‘टप्प’ असा स्पष्ट आवाज आला तर हवा कोंडून धरण्याची ताकद त्यात शिल्लक आहे असे समजावे. आवाज आला नाही, तर झीज बरीच झाली आहे आणि वाजवणाऱ्याचा निम्मा श्वास वाया जाणार आहे. मुखाजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर पितळेतले जस्त आतून झडू लागले आहे. तेथे वरून कितीही चकाकी आणली तरी अखेर ती नळीच बदलावी लागते. पिवळेधमक वॉर्निश पाहून भुलणे हे निदान ज्याचे पोट लग्नाच्या धंद्यावर चालते त्या माणसाला तरी शोभत नाही.

याहून फसवा दोष कानाचा आहे. आज सर्वत्र मान्य असलेली पट्टी सेकंदाला 440 कंपनांची. ब्रिटनमधील ब्रास बँड मात्र 1960 च्या दशकापर्यंत सुमारे 452 कंपनांच्या चढ्या पट्टीला चिकटून होते. ते खाली उतरले तेव्हा त्यांच्याकडील चढी वाद्ये एकाएकी निरुपयोगी ठरली. अशा वाद्यावर इंग्रजी कारखान्याचे नाव कोरलेले असते, घडण उत्तम असते, आणि ते पाव स्वराने चढे वाजते. मुख्य सरकनळी बाहेर ओढून किंवा नळी वाढवून ते उतरवता येते. पण मग प्रत्येक पिस्टनची सरकनळीही त्या प्रमाणात ओढावी लागते. नाव वाचून पैसे मोजणाऱ्याला हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पट्टी मोजण्याचे साधन आज साध्या मोबाइलमध्येही घालता येते. सौद्यापूर्वी पाच मिनिटे ते समोर ठेवण्यास कोणाची हरकत असावी?

कायदा या बाबतीत अगदीच हात झटकतो असे नाही. 1930 च्या वस्तुविक्री अधिनियमाचे कलम 16 ‘घेणाऱ्याने जपून घ्यावे’ या तत्त्वावर उभे आहे खरे. पण अशा मालाचा धंदा करणाऱ्या दुकानदाराला आपले काम सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर माल त्या कामाला येण्याची जबाबदारी त्याच कलमाने दुकानदारावर टाकली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने व्यापारासाठी घेतलेल्या वस्तू आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या, तरी स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू बाहेर ठेवलेली नाही. म्हणजे दुकानातून घेतलेल्या ट्यूबावर पोट भरणारा वादक कायद्याने ग्राहक आहे. मात्र पावती नसेल तर हे हक्क सिद्ध करायचे कसे? कर वाढेल म्हणून पावती नको, ही सबबही फारशी टिकत नाही. 2017 च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील 32 (5) अन्वये जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, काही अटींवर, खरेदी आणि विक्री यांतील फरकावरच कर भरता येतो.

बँडवाल्यांचे दिवस मुळातच कठीण आहेत. ध्वनिक्षेपकांच्या भिंतींनी वराती गिळल्या. 2020 चा उन्हाळा टाळेबंदीत गेला. एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला 25 माणसे आणि दोन तास एवढीच मुभा उरली, तेव्हा बँड सांगणार कोण? 2023 साली केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना आणली. तिच्या 18 व्यवसायांच्या यादीत लोहार आहे, शिंपी आहे, फुलांचे हार करणाराही आहे. वाद्य वाजवणारा नाही आणि वाद्य दुरुस्त करणाराही नाही. वरातीतला हारवाला कारागीर ठरला. त्याच वरातीतला बासवाला कोण, हे ठरवायचे राहून गेले.

शाळांचा आणि कार्यालयांचा संबंध येतो तो येथे. एके काळी बँड असलेल्या संस्थांच्या अडगळीच्या खोल्यांत धूळ खात पडलेली पितळी वाद्ये जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त, नग 1’ म्हणून जिवंत असतात आणि निर्लेखन झाले की भंगाराच्या लिलावात निघतात. यात लिपिकाचा दोष नाही. नोंदवहीचा रकानाच तेवढा असतो, आणि लेखापरीक्षकाला नग आणि वजन जुळले की पुरते. पण तीन पिस्टनांपैकी एक अडकलेला ट्यूबा हा भंगार नव्हे. तेलाच्या चार थेंबांनी आणि एखाद्या दिवसाच्या कामाने तो बोलू लागण्याचा संभव असतो. निर्लेखनाच्या प्रस्तावाला वाद्यदुरुस्ती करणाऱ्याचा सहीनिशी अभिप्राय जोडावा, वाद्ये वजनावर न काढता नगावर काढावीत, आणि लिलावाची सूचना संस्थेच्या फलकाबरोबर गावातील बँडपथकांकडेही धाडावी, एवढे करण्यास नवा कायदा लागत नाही. शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेल. त्या परिपत्रकात आणखी एक ओळ अवश्य असावी. वाद्य दुरुस्त होण्याजोगे असेल आणि शाळेत ते शिकवू शकणारा कोणी असेल, तर लिलावाआधी ते सहावी-सातवीच्या मुलांच्या हाती द्यावे. 13 फुटांच्या नळीत फुंकर घालून पाहण्याची संधी त्यांना दुसरीकडे कोठे मिळणार आहे?