ओढणं सोपं, आवरणं अवघड
स्तंभ : चाक आणि चालक

2017 साली पोर्शने पॅरिसच्या विमानतळावर आपली कायेन एस डिझेल एअर फ्रान्सच्या ए380 विमानाला जोडली आणि 285 टनांचं ते धूड 42 मीटर ओढून दाखवलं. त्याआधी 2006 मध्ये फोक्सवॅगनच्या टुआरेगने बोइंग 747 हलवलं होतं. 2012 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये टोयोटाच्या टुंड्रा पिकअपने एंडेव्हर हे निवृत्त अवकाशयान महामार्गावरच्या पुलावरून पार केलं. चित्रफिती बघण्यासारख्या आहेत. फक्त त्यांतल्या एकाही गाडीला मागचं ओझं घेऊन उतार उतरायचा नव्हता, भर वेगात वळायचं नव्हतं, की कडेच्या ट्रकचा वारा सोसायचा नव्हता. वेग चालत्या माणसाचा आणि रस्ता पूर्ण मोकळा.

या जाहिराती आठवायचं कारण, उन्हाळी सुट्या जवळ आल्या की अमेरिकेतल्या मराठी वाचकांचा ठरलेला प्रश्न येतो. ‘आमच्याकडे जीएलएस आहे (किंवा क्यू7, किंवा कायेन). ट्रॅव्हल ट्रेलर ओढेल ना?’ ओढेल की. या तिन्ही गाड्यांच्या मोठ्या इंजिनांच्या मॉडेलांना तिकडे 7,700 पौंडांपर्यंत, म्हणजे साडेतीन टनांपर्यंत ओढायची मुभा आहे. बीएमडब्ल्यू एक्स5 ला 7,200 पौंड. आकडा खोटा नाही. पण तो गाडी किती ओढेल ते सांगतो; तुमचं कुटुंब बसल्यावर किती आवरेल, हे त्यात नसतं.

अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवायला एसएई जे2807 नावाचं मानक आहे. त्यातली प्रसिद्ध चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे 18 किलोमीटरचा, जवळजवळ 3,000 फूट चढणारा रस्ता, बाहेर अडतीस अंश, गाडीतला एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी 40 मैलांखाली येता कामा नये. कडक परीक्षा आहे, वादच नाही. मेख वेगळीच आहे. या मानकात गाडीत चालक आणि एक सहप्रवासी एवढीच माणसं धरलेली असतात, तीही दीडदीडशे पौंडांची. पुण्याहून चार महिन्यांसाठी आलेले आईबाबा त्या हिशेबात नाहीत. मागच्या सीटवरची दोन मुलंही नाहीत.

म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनापेक्षा जास्त भरू नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच पेलोड. तो प्रत्येक गाडीचा वेगळा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही फरक पडतो, कारण काचेचं मोठं छत, सीटची तिसरी रांग, बावीस इंची चाकं, मसाज करणारी आसनं यांचं वजन त्यातूनच वजा होतं. चैनीचा एकेक पर्याय निवडताना आपण आपलीच वहनक्षमता विकत असतो. विक्रेता हे सांगत नाही. माझं तर म्हणणं आहे, की ओढण्याचा आकडा छापणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत पेलोडचा आकडाही तेवढ्याच टायपात छापायला लावावा.

आता हिशेब किलोत मांडू. समजा, भरलेला ट्रेलर 2,700 किलोंचा आहे. साडेतीन टनांपेक्षा बराच खाली. त्याच्या दांड्याचा भार गाडीच्या मागच्या हिचवर येतो, त्याला तिकडे टंग वेट म्हणतात. अमेरिकी रीतीप्रमाणे तो ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा. 13 टक्के धरले तर 350 किलो. हिचचा लोखंडी सरंजाम आणखी चाळीसेक किलो. स्टिकर 600 किलो म्हणत असेल, तर उरले 210. त्यात आईवडील, दोन मुलं बसली की खातं मिटलं. आजीआजोबा, त्यांच्या बॅगा, छपरावरची सायकल यांना जागा आहे, पण वजन नाही. इंजिनाला अजून 800 किलो ओढता आले असते. मागचा ॲक्सल आणि टायर मात्र संपले.

त्यात ट्रेलरचं ‘कोरडं वजन’ ही आणखी एक गंमत. कारखान्यातून निघालेल्या ट्रेलरचं ते वजन. पाणी नाही, भांडी नाहीत, बिछाने नाहीत. 150 लिटरची टाकी भरली की 150 किलो चढलेच. कुकर, तांदळाची पिशवी, खुर्च्या, जनरेटर हे वेगळं. अंदाज बांधण्यापेक्षा महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात, तिथे थोड्या डॉलरांत प्रत्येक ॲक्सलचा भार छापून मिळतो. ट्रकवाल्यांच्या रांगेत चकाकती मर्सिडीज घेऊन उभं राहायला संकोच वाटत असेल, तर वाटू द्या.

टंग वेटचा जाच वाटून काही जण त्यावर उपाय काढतात: जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवतात, मागच्या बंपरवर सायकली टांगतात. हिचवरचा भार घटतो, स्टिकरचा हिशेब जुळतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. बैलगाडी भरणाऱ्या गड्याला हे शिकवावं लागत नसे. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं, हे त्याला ठाऊक असे. तिथे बैल थांबत. इथे ताशी 65 मैलांवर ट्रेलर हेलकावे खायला लागतो. मोठा ट्रक शेजारून जाताना त्याच्या हवेचा लोट ट्रेलरला आधी ढकलतो, मग आत ओढतो. नाकावर पुरेसा भार असेल तर एकदोन हेलकाव्यांत तो शांत होतो. नसेल तर पुढचा हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, त्यापुढचा आणखी मोठा. वेग जितका जास्त, तितकं ते डोलणं आपोआप विरण्याची शक्यता कमी.

अशा वेळी जे सुचतं ते बहुतेक चुकीचं असतं. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, कारण पुढची गाडी मंदावली की मागचं धूड तिला कोपऱ्यातून ढकलतं. स्टिअरिंगने हेलकाव्याचा पाठलाग करायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलरचा खटका हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. हा कंट्रोलर बऱ्याच युरोपीय गाड्यांत कारखान्यातून येत नाही, वेगळा बसवावा लागतो. तो कुठे आहे, हे डोळे न हलवता हाताला कळलं पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये चार वेळा दाबून पाहावा.

आलिशान एसयूव्हीबद्दलची माझी खरी तक्रार अजून यायची आहे. या गाड्यांचं कौशल्यच मुळी त्रास लपवण्यात आहे. एअर सस्पेन्शन घ्या. साध्या गाडीला जड ट्रेलर जोडला की मागचा भाग बसतो, नाक वर होतं, आणि काहीतरी बिघडलंय हे शेजाऱ्यालाही दिसतं. एअर सस्पेन्शन मागची उंची भरून काढतं. गाडी सपाट, देखणी. पण पुढच्या चाकांवरून हललेलं वजन काही परत आलेलं नसतं. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक तितकेच हलके पडलेले असतात. हे वजन पुढे परतवण्यासाठी स्प्रिंगच्या दांड्यांचे हिच मिळतात. काही उत्पादक ते वापरा म्हणतात, काही स्पष्ट मनाई करतात, आणि एअर सस्पेन्शन असेल तर दांडे कसताना ते कोणत्या स्थितीत ठेवायचं याची पद्धत गाडीगणिक बदलते. दुकानदार, मेहुणा आणि हा स्तंभ, तिघांचंही न ऐकता गाडीचं मॅन्युअल वाचावं.

बाकीचीही तीच तऱ्हा. टर्बो इंजिन चढावर कण्हत नाही. दुहेरी काचांमुळे ऐंशीचा वेग साठसारखा वाटतो. स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लहान हेलकावे चालकाला कळायच्या आत मोडते. ही यंत्रणा जीव वाचवते, तिच्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण तिचा दिवा डॅशबोर्डवर लुकलुकला तर ती शाबासकी नसते. पुढच्या थांब्यावर सामान पुन्हा लावा, वेग कमी करा, असा तो निरोप असतो.

याच गाड्या त्यांच्या मायदेशी कशा ओढतात ते पाहा. जर्मनीत ट्रेलर जोडला की वेग ताशी 80 किलोमीटर. गाडी-ट्रेलरची जोडी ठरावीक अटींत बसली तर 100. युरोपातले कॅरॅव्हॅन हलके, आणि हिचवरचा भार बहुधा 4 ते 7 टक्के. म्हणजे हळू चाला आणि नाक हलकं ठेवा. अमेरिकेत ट्रेलर उंच आणि जड, त्याला मागे ठेवून माणसं 70-75 मैलांनी पळतात. म्हणून तिथे नाकावर जड भार लागतो. जर्मन अभियंत्याने एका पद्धतीसाठी आखलेली गाडी दुसऱ्या पद्धतीत वापरायची, तर निदान वेग तरी पहिल्या पद्धतीचा घ्यावा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच 55 मैलांची मर्यादा आहे. तिथले लोक तिच्यावर चिडतात. मला ती राज्याबाहेरही पाळण्यासारखी वाटते. ट्रेलरचे बरेच टायर 65 मैलांपुरतेच बनवलेले असतात, हेही लक्षात असू द्या.

उताराबद्दल फार लिहीत नाही. घाटात वाढलेल्यांना खालचा गिअर सांगावा लागू नये. कोलोरॅडोत आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे आणि तिथून उतरताना ट्रकसाठी खडीचे बचावमार्ग काढलेले दिसतात. ते शोभेचे नाहीत. उतार सुरू होण्याआधी गिअर उतरवा. ब्रेक तापल्याचा वास आल्यावर उशीर झालेला असतो.

मग घ्यायचं काय? सहा माणसांचं कुटुंब आणि तीस फुटी ट्रेलर हवा असेल, तर आलिशान एसयूव्हीचा नाद सोडा आणि भरपूर पेलोडचा लांब पिकअप बघा. चौघं असाल तर आधी दाराचा स्टिकर वाचा, त्यातून माणसं वजा करा, उरलेल्या आकड्यावरून ट्रेलर निवडा. तो बहुधा दोन टनांच्या आसपासचा निघेल. विक्रेत्याने दाखवलेल्या ट्रेलरपेक्षा बराच लहान. इलेक्ट्रिक गाड्याही आता शर्यतीत आहेत. रिव्हियन आर1एस 7,700 पौंड ओढते, अगदी सहज, पण पल्ला साधारण निम्म्यावर येतो, आणि बहुतेक चार्जिंग स्टेशनवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी आत घालता येत नाही. दर दोन तासांनी ट्रेलर सोडायचा, पुन्हा जोडायचा, साखळ्या लावायच्या, दिवे तपासायचे. सध्या तरी मी त्या वाटेला जाणार नाही.

— सारथी