दुसरा हात मारण्याआधी

दिवाळी उरकली, जमिनीतली ओल ओसरली की बिदर-कलबुर्गीकडे सरकारी रंगकामाचा हंगाम सुरू होतो आणि मार्चअखेरच्या बिलांपर्यंत तो चालतो. पादचारी पूल, बसस्थानकाची शेड, पाण्याच्या टाकीचे जिने, शाळेचे फाटक, बंधाऱ्याचे बर्गे, धरणाचे दरवाजे, जे जे लोखंडी आहे त्यावरून ब्रश फिरतो. आठवडाभरात सगळे चकाचक दिसते, फोटो निघतात, बिलही निघते. मग दोन पावसाळे गेले की वेल्डिंगच्या रेषेतून तांबूस ओघळ उतरतात, खांबाच्या बुडाशी पोपडे सुटतात आणि लोक म्हणतात, रंग हलका होता.

पुष्कळदा रंग हलका नसतो. डबा नामांकित कंपनीचा असतो, त्यावरची मुदतही शिल्लक असते. चुकलेली असते ती तपासणी. लोखंडावरच्या रंगकामाची खरी परीक्षा काम पूर्ण झाल्यावर घेताच येत नाही. पहिला हात मारला की खालचे लोखंड झाकले जाते, दुसरा हात मारला की पहिला झाकला जातो. शेवटी अधिकाऱ्याला दिसते ती फक्त वरची चमक. म्हणून दुसरा हात मारण्याआधी कोणीतरी थांबवून पाहिले पाहिजे, मोजले पाहिजे आणि लिहून सही केली पाहिजे. आजच्या लेखात मला एवढेच सांगायचे आहे, पण ते पुरते पटावे म्हणून थोडे तपशिलात जावे लागेल.

गंज किती गंभीर असतो हे गेल्या काही वर्षांनी आपल्याला दाखवले आहे. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना, गंजलेला लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि ४ माणसे गेली. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल पडला, १३५ जणांचा जीव गेला. हा पूल दुरुस्ती करून अवघ्या ४ दिवसांपूर्वी लोकांसाठी खुला केला होता. विशेष तपास पथकाला नंतर आढळले, की एका मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी जवळपास २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. मुंबईत १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा त्याची संरचनात्मक तपासणी होऊन गेलेली होती. पालिकेच्या प्राथमिक चौकशीने नंतर म्हटले, की ती तपासणी नीट झाली असती तर दुर्घटना टळली असती. आपल्याच कर्नाटकात १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली, दरवाजा वाहून गेला आणि साठवलेले पाणी डोळ्यांदेखत नदीत गेले. या सगळ्या घटनांचे कारण रंग होता असे कोणी म्हणणार नाही. पण चारही ठिकाणी लोखंडाची खरी अवस्था वेळेवर कागदावर आली नाही, किंवा आली तरी तिच्यावर काम झाले नाही.

आता रंगकामाकडे वळू. पोलादावरचे चांगले आवरण साधारणपणे तीन थरांचे असते. सर्वांत खाली जस्ताची भुकटी भरलेला एपॉक्सी प्रायमर, मध्ये जाड एपॉक्सीचा थर आणि वर ऊन सोसणारा पॉलियुरेथेनचा थर. तिन्ही मिळून जाडी भरते २०० ते २५० मायक्रॉन, म्हणजे फार तर पाव मिलिमीटर. माणसाचे तीन केस एकमेकांवर ठेवावेत एवढ्या या पडद्यावर पुढची १५-२० वर्षे अवलंबून असतात. त्यातला एक थर अर्धाच बसला तर डोळ्यांना काही कळत नाही.

पहिली तपासणी रंगाचा डबा उघडण्याआधीची. कारखान्यातून आलेल्या नव्या लोखंडावर निळसर काळी कडक पापडी असते, तिला मिल स्केल म्हणतात. ती पक्की दिसते, पण कालांतराने सुटते आणि सुटताना वरचा रंगही घेऊन जाते. जुन्या लोखंडावर गंज असतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून रंगाला ढकलत राहतो. हे दोन्ही काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे ब्लास्टिंग, दाबाच्या हवेने बारीक खडे मारून लोखंड उघडे करणे. महत्त्वाच्या कामांत त्यासाठी एसए २.५ हा दर्जा मागतात. त्या दर्जाचे चित्र पुस्तकात छापलेले असते, ते शेजारी धरून लोखंड पाहायचे. ब्लास्टिंगने पृष्ठभाग खरखरीतही होतो आणि रंगाला पकड मिळते. आपल्याकडच्या छोट्या कामांत मात्र तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर फिरवून लगेच रेड ऑक्साइड लावतात. खड्ड्यांत बसलेला गंज तिथेच राहतो. त्यावर कितीही महागडा रंग द्या, आतले काम सुरूच असते.

बिदरमध्ये याला एक स्थानिक अडचण जोडली जाते. बिदरचे पठार लालसर जांभ्या दगडाचे. तिथल्या वाऱ्यात तांबडी बारीक धूळ असते आणि ती बसते ती नेमकी रेड ऑक्साइडच्या रंगाची. पहिल्या थरावर धूळ बसली आहे की नाही हे नजरेला कळतच नाही. कलबुर्गीकडे, वाडी, शहाबाद आणि सेडमच्या पट्ट्यात, सिमेंट कारखान्यांची राखाडी धूळ असते. धुळीवर मारलेला थर धुळीला चिकटतो, लोखंडाला चिकटत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. पारदर्शक चिकटपट्टी लावून उचलायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवून पाहायची. ५ मिनिटांचे काम आहे, पण ते करायला माणूस तिथे हजर लागतो.

दुसरी तपासणी हवेची. नियम सर्वत्र एकच आहे, हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे. हिवाळ्यात बिदरच्या पठारावर रात्री दव पडते. समजा सकाळी ८ वाजता हवा २० अंश आणि आर्द्रता ८० टक्के आहे. दवबिंदू येतो १६.४ अंशांच्या आसपास. म्हणजे लोखंड किमान १९.४ अंश हवे. रात्रभर उघड्यावर थंड झालेला गर्डर तेव्हा १७ अंशांवर असू शकतो. हाताला कोरडा लागला तरी त्यावर रंग मारायचा नसतो, ऊन चढेपर्यंत थांबायचे असते. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. कलबुर्गीचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा उन्हातले लोखंड ५० अंश ओलांडते. स्प्रेने मारलेला रंग पोचेपर्यंत वाळतो आणि भुकटीसारखा बसतो. दोन भागांचा एपॉक्सी बादलीतच घट्ट होऊ लागतो, मग पेंटर त्यात थिनर ओततो. मार्चअखेरच्या घाईत, भर दुपारी झालेली कामे लवकर का जातात, याचे उत्तर यातच आहे.

तिसरी तपासणी जाडीची. ओल्या रंगात कंगव्यासारखी पट्टी टेकवून ओली जाडी पाहता येते. वाळल्यावर चुंबकीय यंत्राने कोरडी जाडी, म्हणजे डीएफटी, मोजतात. तळहातावर मावणारे हे यंत्र असते. सरासरी ठरलेल्या आकड्याइतकी हवी आणि एकही ठिकाण ८० टक्क्यांच्या खाली नको, असा सर्वसाधारण नियम आहे. मोजताना सपाट पत्र्याच्या मध्यभागी यंत्र टेकवून भागत नाही. रंग धारेवरून, बोल्टच्या डोक्यावरून आणि वेल्डिंगच्या उंचवट्यावरून आपोआप ओघळतो आणि तिथे पातळ राहतो. म्हणून चांगला कामगार कडांना आणि जोडांना आधी ब्रशने वेगळा हात देतो आणि चांगला तपासनीस आधी तिथेच पाहतो. गंजाची सुरुवात तिथूनच होते.

यंत्र नसले तरी गावातल्या जागरूक माणसाला एक हिशेब करता येतो, आणि तो मी मुद्दाम देतो. ज्या रंगात वाळल्यावर उरणारा घन भाग ५० टक्के आहे, त्याचा १ लिटर ५० मायक्रॉन कोरड्या जाडीने १० चौरस मीटर क्षेत्र झाकतो. त्याहून जास्त झाकूच शकत नाही. म्हणजे ५०० चौरस मीटर लोखंडाच्या एका थराला किमान ५० लिटर रंग लागणार, आणि उडणारा-सांडणारा धरला तर त्याहून जास्त. घन भागाचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो, क्षेत्रफळ अंदाजपत्रकात असते. कामाच्या जागी रिकामे डबे मोजा. ३० लिटरचेच डबे निघाले तर थर पुरता बसलेला नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

दर्जाची अशी पारख आपल्या भूमीला परकी नाही. बिदरी काम ज्या मिश्रधातूचे होते त्यात मुख्यतः जस्त असते आणि थोडे तांबे. आज पुलांच्या प्रायमरमध्ये लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे जस्त ते हेच. बिदरी कारागीर ओतीव भांडे घासून गुळगुळीत करतो, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरतो, चांदी ठोकून बसवतो आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती व नवसागर यांच्या द्रावणात भांडे पक्के काळे करतो. ती माती योग्य आहे की नाही हे जाणकार कारागीर जिभेवर घेऊन ठरवतात. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीआधी पारखली जाते, कारण शेवटी काळा रंग चढल्यावर खालची चूक सुधारता येत नाही. ही शिस्त ज्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, तिथे पुलाचा कठडा रंगवताना ती नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न पैशांचाही आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नेस या संस्थेच्या अभ्यासाने गंजापायी होणारा जगाचा वार्षिक खर्च २.५ लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या उत्पन्नाच्या ३.४ टक्के सांगितला. ज्ञात उपाय नीट वापरले तर त्यातला १५ ते ३५ टक्के खर्च वाचू शकतो, असेही त्यात म्हटले होते. स्कॉटलंडमधला फोर्थचा रेल्वे पूल कधीच न संपणाऱ्या रंगकामासाठी प्रसिद्ध होता. तिथे जुने थर लोखंडापर्यंत काढून तीन थरांचे नवे आवरण दिले, काम २०११ साली पूर्ण झाले आणि पुढची किमान २० वर्षे पुन्हा पूर्ण रंगवावे लागणार नाही असे सांगण्यात आले. समुद्रातल्या नव्या पांबन पुलाला पॉलिसिलोक्सेनचे आवरण दिले आहे. बिदर आणि कलबुर्गीची हवा समुद्रासारखी खारी नाही. इथे तर नीट केलेले काम आणखी सहज टिकले पाहिजे.

आणि इथे लोखंड वाढतेच आहे. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बिदर-कलबुर्गी हा ११० किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला. भालकी तालुक्यात कारंजा धरण आहे, अफजलपूर तालुक्यात भीमेवर सोन्न बॅरेज आहे. धरणांच्या दरवाजांच्या रंगकामासाठी आयएस १४१७७ हे स्वतंत्र भारतीय मानक उपलब्ध आहे. कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वर्षाला ५,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१(जे) मधल्या विशेष तरतुदींसाठी या भागाने दीर्घकाळ लढा दिला. तो निधी दर तीन वर्षांनी तेच कठडे पुन्हा रंगवण्यात जाऊ नये.

गुत्तेदार म्हणतील, एवढी तपासणी परवडत नाही. त्यांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. अंदाजपत्रकात ब्लास्टिंगचा दर नसेल, दोन थरांमधल्या थांबण्याचे दिवस धरलेले नसतील आणि सर्वांत कमी दराची निविदाच मंजूर होणार असेल, तर प्रामाणिक गुत्तेदारच तोट्यात जातो. म्हणून सुरुवात निविदेपासून व्हायला हवी. दर पूर्ण द्या आणि मग काम पूर्ण घ्या.

माझी मागणी तीन अटींची आहे आणि ती मंडळाने, सार्वजनिक बांधकाम खात्याने व जलसंपदा खात्याने लोखंडाच्या प्रत्येक निविदेत घालावी. पहिली, लोखंड साफ झाल्यावर आणि प्रत्येक थर वाळल्यावर काम थांबेल, तपासनीसाची सही झाल्याशिवाय पुढचा हात मारला जाणार नाही. दुसरी, त्या तपासनीसाचे मानधन खाते देईल, गुत्तेदार देणार नाही, आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी असेल. तिसरी, तारीख, हवेचे तापमान, आर्द्रता आणि प्रत्येक थराचे मायक्रॉन मोजमाप पुस्तकात नोंदवले जातील आणि त्यांचा गोषवारा कामाच्या फलकावर कन्नडमध्ये लागेल, जिथे मराठी वस्ती आहे तिथे मराठीतही.

वाचकांनाही विनंती आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंदमध्ये तुमच्या गावात यंदा लोखंडावर रंग चढत असेल तर जाऊन उभे राहा. पहिल्या हाताची नोंद मागा, रिकामे डबे मोजा. नोंद दाखवली नाही तर ग्रामसभेत प्रश्न विचारा आणि माहिती अधिकाराचा अर्ज करा. पण हे सारे दुसरा हात मारण्याआधी करा. त्यानंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रंगाखाली गेलेले असते.