वजन वाढलं म्हणून गोळी सोडू नका

थायरॉईड ग्रंथी अतिकाम करू लागली की भूक वाढते, तरी वजन उतरतं. माझं तसंच झालं. हात इतके थरथरायचे की फळ्यावर ओळ सरळ येत नसे, रात्री छाती धडधडायची. हळदीकुंकवाला मात्र बायका कौतुकाने विचारायच्या, ‘कसलं डाएट करतेस गं?’ शाबासकी आजाराला मिळत होती.

ग्रंथीचं अतिकाम रोखणारी कार्बिमाझोलची गोळी सुरू झाली, धडधड थांबली, झोप लागू लागली. मग ब्लाउज घट्ट झाले आणि त्याच बायका म्हणाल्या, ‘सुटलीस गं!’ अशा बोलण्याने खचून कुणी मनानेच गोळी बंद केली, तर ते घातक आहे. उपचार थांबले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात.

वाढलेल्या वजनात मोठा वाटा आजाराने हिरावलेलं परत येण्याचा असतो. त्यात स्नायूही असतात. उपचाराने शरीराचा ऊर्जेचा खर्च घटतो, पण जास्त जेवायची सवय मागे राहते, म्हणून थोडं अधिकही वाढू शकतं. गोळीचा डोस जास्त झाला तर ग्रंथी उलट मंदावते आणि त्यानेही वजन वाढतं. ते टाळण्यासाठी रक्तातली टीएसएच आणि टी-फोर ही संप्रेरकं वेळेवर तपासायला हवीत.

ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून तातडीने रक्त तपासा, असं डॉक्टर बजावतात, कारण या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो. वजनाबद्दलही त्यांनी पहिल्याच भेटीत असंच स्पष्ट बोलायला हवं. आणि नातेवाइकांनो, तब्येत विचारा. वजनावर बोलू नका.